बूमबॉक्स ३ की पार्टीबॉक्स ११०? आधी माइकचं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बावन्न फ्लॅटची सोसायटी, वर्षाला सात-आठ कार्यक्रम. गणपतीचे दहा दिवस, भोंडला, कोजागिरी, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं झेंडावंदन, मध्येच कोणाचा वाढदिवस. दर वेळी साउंडवाल्याला भाडं देण्यापेक्षा एक चार्जिंगचा चांगला स्पीकर घेऊन टाकू, असं कमिटीत ठरलं. आता जेबीएलच्या दोन मॉडेलांवर घोडं अडलंय, बूमबॉक्स ३ आणि पार्टीबॉक्स ११०. तरुण मंडळी म्हणतात बूमबॉक्स घ्या, त्याचे वॅट जास्त आहेत. ज्येष्ठ म्हणतात पार्टीबॉक्स घ्या, तो दिसायला दणकट आहे. शिवाय सभासदांना तो अधूनमधून अलिबाग-दापोलीच्या सहलीला न्यायचाय.

मी बावीस वर्षं साउंडचं काम करतोय. सुरुवात लग्नाच्या मांडवात भोंगे बांधण्यापासून केली. गेल्या काही वर्षांत असे चार्जिंगचे स्पीकर बऱ्याच सोसायट्यांना निवडून दिलेत, आणि नंतर त्यांची दुखणी माझ्याकडेच येतात. त्यामुळे सरळ सांगतो: तुमच्या वापराला पार्टीबॉक्स ११० घ्या. वॅट आणि आकार दोन्ही बाजूला ठेवा. पार्टीबॉक्सला माइक लावता येतो, बूमबॉक्सला माइकची पिनच नाही. तुमच्यासाठी निर्णय तिथेच होतो.

तुमच्या कार्यक्रमांची यादी पुन्हा एकदा बघा. गाणी लावून नाचायचे कार्यक्रम त्यात किती आहेत? विसर्जन आणि एखादा वाढदिवस. बाकी सगळीकडे कोणीतरी बोलतं किंवा गातं. गणपतीत मुलांच्या स्पर्धा, बक्षीस समारंभ. भोंडल्याला खेळात फेर धरणाऱ्या बायकांमध्ये एक जण पुढे गाणं म्हणते. झेंडावंदनाला चेअरमन चार शब्द बोलतात. कोजागिरीला कोणीतरी भावगीत म्हणतं.

एका सोसायटीच्या कोजागिरीला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. गच्चीवर शंभरेक माणसं, कठड्याजवळ नवा कोरा ब्लूटूथ स्पीकर, गाणी छान वाजत होती. मग चित्रकलेच्या स्पर्धेचा निकाल जाहीर करायची वेळ आली आणि माइक लावायची सोयच नाही हे लक्षात आलं. सेक्रेटरी बाई गाणी बंद करून मोठ्यानं नावं वाचायला लागल्या. दुधाचं पातेलं ढवळणाऱ्यांचा गलका, पोरांची पळापळ, वर वारा. पहिला नंबर आलेली मुलगी मागच्या चटईवर बसली होती, तिला स्वतःचं नाव ऐकूच गेलं नाही. दोनदा पुकारूनही ती उठली नाही, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला बोलावून मोकळे झाले. नंतर तिच्या आईनं तिला पुढे आणलं, पण टाळ्या तोवर वाजून गेल्या होत्या. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी सोसायटीवाल्यांना पहिला प्रश्न माइकचा विचारतो.

त्या रात्री एका मुलानं मोबाइललाच माइक करणारं अ‍ॅप लावून पाहिलं. हा उपाय तुम्हालाही कोणीतरी सुचवेल, म्हणून सांगून ठेवतो: चालत नाही. ब्लूटूथवरून आवाज स्पीकरपर्यंत पोचायला वेळ लागतो. आवाज आधी आकड्यांत बांधला जातो, मग हवेतून जातो, मग पलीकडे उलगडतो. यात सेकंदाचा पाचवा-सहावा भाग सहज जातो. गाणं ऐकताना हा उशीर कळत नाही, कारण सगळं गाणंच तेवढं मागे सरकलेलं असतं. पण स्वतःचा आवाज स्वतःच्याच कानावर एवढ्या उशिरानं आला की बोलणाऱ्याची जीभ अडखळते. दोन वाक्यांत माणूस गोंधळून थांबतो. पिन लावलेल्या माइकला हा त्रास होत नाही. कराओकेचा ट्रॅक ब्लूटूथवर आणि माइक वायरनं, असं मात्र बेलाशक करा. गाणारा स्पीकरमधून येणारा ट्रॅक ऐकून गातो, त्यामुळे सूर-ताल जुळतात. फक्त मोबाइलच्या पडद्यावर शब्दांचा रंग किंचित आधी बदलेल.

पार्टीबॉक्स ११० ला मागे मोठ्या पिनच्या, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आसपासच्या, दोन जागा आहेत. एक माइकची, दुसरी गिटारची. माइकचा आवाज गाण्यापासून वेगळा कमी-जास्त करता येतो, आणि कार्यक्रमात हीच सोय सगळ्यात जास्त कामाला येते. साधा डायनॅमिक माइक घ्या, मांडवात वापरतात तसला. स्टुडिओचा कंडेन्सर माइक आणाल तर तो गप्प बसेल, कारण त्याला वायरीतून वेगळी वीज द्यावी लागते आणि ती या स्पीकरमधून मिळत नाही. दोन माइक हवे असतील तर दुसरा गिटारच्या जागेत खुपसू नका. चालतो, पण आवाज पातळ आणि पोकळ येतो. दोन कॉर्डलेस माइक आणि एकच रिसिव्हर असा सेट मिळतो, त्याची एक पिन माइकच्या जागेत लावा.

बूमबॉक्सलाही छोट्या पिनची ऑक्सची जागा आहे, मग तिथे साउंडचा मिक्सर लावून माइक चालवता येणार नाही का? येईल. पण मग मिक्सर आला, त्याचा अ‍ॅडॉप्टर आला, एक्स्टेंशन बोर्ड आला, आणि हे सगळं जोडायला येणारा एक माणूस आला. ज्या कटकटीतून सुटायला तुम्ही हा स्पीकर घेताय, तीच पुन्हा दारात उभी राहते.

आता वॅटचं. बूमबॉक्स ३ प्लगला लावला की १८० वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, देतो, बॅटरीवर १३६. पार्टीबॉक्स ११० चा आकडा १६० आहे. आकडे बघून वाटतं केवढा फरक! पण कान वॅट मोजत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. १३६ आणि १६० यांच्यातला फरक एक डेसिबलही भरत नाही. डोळे मिटून ऐकलंत तर कुठला कुठला ते वॅटवरून कोणी सांगू शकणार नाही. बेसचंही तसंच. कागदावर बूमबॉक्स ४० हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, पार्टीबॉक्स ४५ पर्यंत. ढोलकीची थाप आणि तबल्याचा डग्गा याच्या बराच वर वाजतो. पेटीवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचे, हजारांतले आकडे छापलेला तिसराच कुठला स्वस्त स्पीकर कोणी दाखवला, तर त्या आकड्याकडे बघूही नका. आरएमएस किती, एवढंच विचारा.

खरा फरक पडतो तो उघड्यावर. खोलीत भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, म्हणून दुकानात कुठलाही स्पीकर भारी वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. समजा स्पीकरपासून एक मीटरवर ९५ डेसिबल आहेत. दोन मीटरवर ८९ होतील, चारवर ८३, आठवर ७७ आणि सोळा मीटरवर ७१. नेहमीचं बोलणं साधारण ६० च्या आसपास असतं, पण शंभर माणसं एकदम बोलायला लागली की तो गलका ७० ला सहज टेकतो. म्हणजे मागच्या रांगेत तुमचा आवाज आणि गलका यांची बरोबरी झालेली असते. यावर आवाज वाढवणं हा उपाय नाही, कारण त्यात पुढे बसलेल्या आजी-आजोबांचे कान दुखतात. आणखी एक गोष्ट अशी की हे छोटे स्पीकर शेवटच्या टोकाला नेले की आतलं सर्किट आपणहून बेस आवरतं, नाहीतर कोन, म्हणजे स्पीकरचा थरथरणारा पडदा, फाटेल. लोक मग मला फोन करतात, “दादा, आवाज वाढवला की बेस जातो, स्पीकर खराब झालाय.” खराब काही झालेलं नसतं.

उपाय जागेचा आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. बहुतेक जण स्पीकर जमिनीवर ठेवतात. समोर माणसं उभी राहिली की बारीक आवाज, म्हणजे शब्द ज्याच्यामुळे कळतात तो भाग, त्यांच्या पायांत आणि कपड्यांतच जिरतो. मागच्यांना नुसती धपधप ऐकू येते. स्पीकर टेबलावर ठेवा, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आणि पाठीमागे भिंत येईल असा. भिंतीमुळे बेस आपोआप भरतो, उंचीमुळे शब्द दूरवर जातात. गच्चीवर पाण्याच्या टाकीची भिंत असते, ती यासाठी उत्तम. टेबल लाकडी किंवा लोखंडी घ्या. प्लॅस्टिकच्या टेबलावर बेस लागला की स्पीकर हळूहळू चालायला लागतो, अक्षरशः इंच-इंच सरकत कडेला येतो, आणि अकरा किलोचं धूड पोराच्या पायावर पडलं तर काय होईल याचा विचार करा. खाली जुनी योगाची मॅट किंवा रबरी पायपुसणं टाका, सरकणं थांबतं.

माइक धरणारा कधीही स्पीकरच्या पुढ्यात उभा राहू नये. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा शिरतो, आणि ती कान फाडणारी शिट्टी सुरू होते. बोलणारा स्पीकरच्या मागे किंवा बाजूला, माइक तोंडापासून दोन बोटांवर. माइकची जाळी मुठीत धरायची नाही, त्यानं शिट्टी हमखास येते. लहान मुलं तर हटकून तशीच धरतात, तेवढं त्यांना आधी शिकवा.

इथपर्यंत सगळं पार्टीबॉक्सच्या बाजूनं झालं. आता त्याची दुखरी बाजू. त्याला पाण्याचं संरक्षण आयपीएक्स४ आहे. ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तर चालतील, आणि एक्स म्हणजे धुळीची चाचणी त्याला दिलेलीच नाही. बूमबॉक्स ३ आयपी६७ आहे. त्यातला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, आणि ७ म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास बुडाला तरी तो वाचतो. हा फरक मोठा आहे.

तुमच्या बाबतीत तो दोन ठिकाणी दिसेल. पहिलं ठिकाण विसर्जन. धुळीपेक्षा गुलाल वाईट. एका मंडळाचा चार्जिंगचा स्पीकर, कंपनी दुसरीच, अनंत चतुर्दशीनंतर माझ्याकडे आला. आवाज फाटतोय म्हणाले. जाळी काढली तर आत कोनाच्या कडेला, जिथे रबर दुमडलेलं असतं तिथे, गुलाल आणि पावसाचं पाणी मिळून गुलाबी चिखल वाळून कडक झाला होता. कोन हलला की तो खरवडत होता. मऊ ब्रशनं साफ करायला सगळी दुपार गेली, तरी जुना आवाज पूर्ण परत आला नाही. तेव्हा पार्टीबॉक्स मिरवणुकीत नेणार असाल तर टेम्पोत वरच्या बाजूला ठेवा आणि पुढून पातळ जुनी ओढणी बांधा. पातळ कापडातून आवाज येतो, गुलाल बराचसा अडतो. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नका, आवाज कोंडतो आणि आत गरमही होतं. पाऊस आला तर सरळ बंद करून आत घ्या.

दुसरं ठिकाण समुद्र. इथे माझं ऐका, सोसायटीचा पार्टीबॉक्स वाळूवर जाऊ देऊ नका. कमिटीत तसा ठरावच करा. वाळूचे कण आणि खारी हवा यांनी पिनांच्या जागा गंजतात, आणि बक्षीस समारंभाच्या दिवशी माइक खरखरतो. शिवाय तो १०.८ किलोचा आहे, पाण्यानं भरलेली बादली उचलून पुळणीतून चालण्यासारखं काम आहे. बूमबॉक्स ६.७ किलोचा, वर धरायला दांडा, सहलीला तोच शोभतो. आणि तोही खाऱ्या पाण्यात बुडवायचा नाही. ती अर्ध्या तासाची चाचणी साध्या पाण्याची असते. समुद्रावरून आल्यावर मागचं झाकण घट्ट बंद आहे ना ते बघून नळाखाली हलक्या धारेनं धुवा, पूर्ण वाळवा, मगच चार्जिंगला लावा.

म्हणून हाच प्रश्न एखाद्या चौकोनी कुटुंबानं किंवा ट्रेकला जाणाऱ्या मित्रांनी विचारला असता, तर मी न थांबता बूमबॉक्स सांगितला असता. त्यांना माइक लागत नाही, पाऊस-वाळू-चिखल मात्र रोजचा, आणि बॅटरीही २४ तासांची. पार्टीबॉक्सची १२ तासांची आहे. हे दोन्ही आकडे मध्यम आवाजाचे आहेत. पूर्ण आवाज आणि लाइट चालू असले तर निम्म्याचीही आशा धरू नका. पार्टीबॉक्सचे लाइट बंद करता येतात, भोंडल्याच्या दुपारी त्यांचा उपयोगही नसतो. गच्चीवर प्लग असेल तर सरळ प्लगवरच चालवा.

झेंडावंदनाबद्दल वेगळं सांगायला हवं. एका ठिकाणी राष्ट्रगीत चालू असताना ज्याचा मोबाइल जोडला होता त्याला फोन आला. राष्ट्रगीत मध्येच थांबलं आणि स्पीकरवर रिंगटोन वाजायला लागली. सगळे सावधान स्थितीत, कोणाला हलता येईना. ५२ सेकंदांचं गीत, पण तेवढ्यात हे घडलं. पार्टीबॉक्सला पेनड्राइव्ह लावता येतो. राष्ट्रगीत आणि ध्वजगीत एका छोट्या पेनड्राइव्हवर भरून ठेवा आणि तो फक्त याच कामाला वापरा. मोबाइलच वापरायचा असेल तर आधी फ्लाइट मोड लावा, मग ब्लूटूथ परत चालू करा. आणि कार्यक्रमाआधी बाकी सगळ्यांच्या मोबाइलमधून त्या स्पीकरचं नाव काढून टाकायला सांगा, नाहीतर कोणाचा तरी मोबाइल आपणहून जोडला जातो.

आवाजाच्या नियमाचंही बघा, कारण तक्रार झाली तर नाव कमिटीचं येतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम चार्जिंगच्या स्पीकरलाही लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक सणाचे दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देतं, पण ते १५ पेक्षा जास्त नसतात. तुमच्या जिल्ह्यात कोणते, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. दवाखाना, शाळा किंवा कोर्टाभोवतीचा भाग सरकारनं शांतता विभाग म्हणून जाहीर केला असेल, तर तिथे याहूनही कमी. कोजागिरीचं दूध मध्यरात्री चंद्राला दाखवायचं असतं हे खरं, पण त्या दिवशी सूट नसेल तर दहाला स्पीकर बंद करायचा आणि पुढची गाणी गळ्यावर. मी अशा दोन-तीन कोजागिऱ्या ऐकल्यात, फार सुंदर होतात.

आरतीला तर मी म्हणेन स्पीकर लावूच नका. झांजा, टाळ्या आणि पन्नास माणसांचा आवाज पुरेसा आहे, त्यात रेकॉर्डेड आरती घातली की लय फिसकटते.

दोन्ही मॉडेलांच्या पुढच्या आवृत्त्या आता आल्यात. पार्टीबॉक्स क्लब १२० मध्ये बॅटरी काढून बदलता येते. सोसायटीसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण अशा स्पीकरमध्ये आधी म्हातारी होते ती बॅटरी. किमतीत थोडाच फरक पडत असेल तर ११० सोडून तोच घ्या. मात्र उद्या दुसरा स्पीकर घेऊन दोन्ही एकत्र वाजवायचा विचार असेल तर जोडी एकाच पिढीची हवी. बूमबॉक्स ३ ची जोडणी पार्टीबूस्ट नावाच्या पद्धतीवर चालते, नव्यांची ऑराकास्ट नावाच्या, आणि या दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

वर्षात सात-आठ कार्यक्रम म्हणजे मध्ये महिना-दीड महिना स्पीकर ऑफिसच्या कपाटात पडून राहणार. बॅटरी संपलेली ठेवली की ती हळूहळू मरते. निम्मी भरून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी चार्ज करा. वॉचमनच्या केबिनच्या पत्र्याखाली ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तिथला उकाडा लिथियमच्या बॅटरीला सोसत नाही. जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर लावा.

आणि घ्यायला जाल तेव्हा सेक्रेटरी बाईंना किंवा जे कोणी नेहमी निवेदन करतात त्यांना सोबत न्या, आपला माइक आणि वायर घेऊन. दुकानदाराला विनंती करून स्पीकर बाहेर फुटपाथवर लावून मागा. आधी माइकवर बोलून बघा. बोलणाऱ्यांनी दहा नावं वाचायची आणि तुम्ही वीस पावलं लांब, रस्त्याच्या गोंगाटात उभं राहून ती लिहून घ्यायची. दहाच्या दहा बरोबर लिहिली गेली, तर बिल करा. बिल सोसायटीच्या नावानं, त्यावर सिरियल नंबर, आणि वॉरंटी भारतातली आहे ना तेवढं तिथेच बघून घ्या.